डिमेन्शियाचे अनुभव सांगताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिमेन्शिया झालेली माणसं आणि त्यांची काळजी घेणारी माणसं आपले अनुभव सांगायला बसली की त्यांच्यापुढे बरेच प्रश्न उभे राहतात. मी माझ्या आईची काळजी घेतली आणि नंतर अशाच घरांतल्या अनेकांना लिहितं-बोलतं व्हायला मदत केली. खालची उत्तरं त्यातूनच आली आहेत. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते, कारण ती पुढे सतत येणार आहे. अशा प्रत्येक घरात दोन गोष्टी घडत असतात. एक आजारी माणसाची आणि दुसरी त्याच्यासोबत राहणाऱ्याची. दोन्ही सांगायला हव्यात, पण एकीच्या नावाखाली दुसरी सांगितली की गफलत होते.

अनुभव सांगण्यासाठी आजाराची किती माहिती हवी?

फार नको, पण दोन-तीन गोष्टी पक्क्या हव्यात. डिमेन्शिया हा एकच एक आजार नाही. मेंदूच्या वेगवेगळ्या आजारांमुळे स्मरण, भाषा, निर्णय घेणं, वागणं आणि रोजची कामं यांवर परिणाम होतो, त्या अवस्थेला डिमेन्शिया म्हणतात. त्यात अल्झायमर सगळ्यात जास्त आढळतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार ६० ते ७० टक्के रुग्णांमध्ये त्याचा वाटा असतो. त्याशिवाय मेंदूच्या रक्तवाहिन्यांमधल्या बिघाडामुळे होणारा, लेवी बॉडी, फ्रंटोटेम्पोरल असे प्रकार आहेत.

निदान झालं असेल तर आपल्या घरी कोणता प्रकार आहे ते अनुभवात जरूर सांगा. डिमेन्शिया म्हटलं की ऐकणारा विसराळूपणाच डोळ्यांपुढे आणतो. फ्रंटोटेम्पोरल प्रकारात सुरुवातीला स्मरणशक्ती बरीचशी शाबूत असू शकते आणि स्वभावच पालटतो. मोजून-मापून बोलणारा माणूस कोणालाही काहीही बोलू लागतो. लेवी बॉडी प्रकारात खोलीत नसलेली माणसं किंवा प्राणी स्पष्ट दिसतात. वयही सांगा. हा आजार पासष्टीच्या आत, नोकरी करणाऱ्या, मुलं शाळेत असणाऱ्या माणसालाही होतो, आणि त्या घराचे प्रश्न अगदी वेगळे असतात.

घरातलं दुखणं चारचौघांत कशाला सांगायचं?

झाकली मूठ सव्वा लाखाची, असं आपण म्हणतो. या आजारात मूठ झाकून ठेवल्याची किंमत मोजावी लागते ती आजारी माणसाला. बाबा रस्त्यात गोंधळून उभे असले आणि आसपासच्या कोणाला काहीच ठाऊक नसलं, तर लोक बघतात आणि पुढे जातात. ठाऊक असलं तर कोणीतरी हात धरून घरी आणून सोडतं.

दुसरं कारण संख्येचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगभरात ५ कोटी ७० लाख लोक डिमेन्शियासह जगत होते आणि दर वर्षी जवळपास १ कोटी नवे रुग्ण होतात. २०१९ मध्ये या आजाराचा जगभरातला खर्च १.३ लाख कोटी डॉलर इतका धरला गेला, आणि त्यातला साधारण निम्मा वाटा घरच्या माणसांनी पगाराविना केलेल्या कष्टांचा होता. त्या कष्टांच्या तासांपैकी सुमारे ७० टक्के तास बायकांचे. म्हणजे कोणीतरी बायको, मुलगी, सून रोज काही तास हे काम करत असते आणि तिच्याबद्दल कुठे एक ओळही लिहिलेली नसते. आकडे हिशेबासाठी ठीक आहेत. पण रात्री तीन वाजता कपडे घालून दाराशी उभ्या राहिलेल्या माणसाला परत अंथरुणावर कसं आणायचं, हे ते करून पाहिलेलं माणूसच सांगू शकतं.

ज्याला आजार आहे तो स्वतःची गोष्ट सांगू शकतो का?

हो. आणि शक्य तिथे पहिला मान त्याचाच आहे.

या आजाराचा इतिहासच बघा. १९०१ मध्ये जर्मनीतल्या फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात ५१ वर्षांची औगुस्ट डेटर नावाची बाई दाखल झाली. डॉ. आलोइस अल्झायमर तिच्यासमोर बसले, तिला नाव विचारलं, नवऱ्याचं नाव विचारलं, आणि तिची उत्तरं जशीच्या तशी टिपून ठेवली. मी स्वतःला हरवून बसले आहे, अशा अर्थाचं ती बोलल्याची नोंद आहे. १९०६ मध्ये ती गेली. अल्झायमर यांनी तिच्या मेंदूचा अभ्यास केला आणि त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला ट्यूबिंगेन इथल्या मनोविकारतज्ज्ञांच्या सभेत तो मांडला. १९१० मध्ये जर्मन मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात या आजाराला अल्झायमर यांचं नाव दिलं. तिच्या मेंदूबद्दल जगाने खूप वाचलं. तिला त्या खोलीत काय वाटत होतं, ते डॉक्टरांनी टिपलेल्या मोजक्या वाक्यांपुरतंच उरलं.

त्यानंतर कितीतरी दशकं या माणसांबद्दल दुसरेच बोलत राहिले. बदल ठळकपणे दिसू लागला तो १९९० च्या दशकात. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी ५ नोव्हेंबर १९९४ रोजी स्वतःच्या हाताने पत्र लिहून आपल्याला अल्झायमर झाल्याचं देशाला कळवलं. ऑस्ट्रेलियातल्या क्रिस्टीन ब्रायडन यांना १९९५ मध्ये, वयाच्या ४६ व्या वर्षी निदान झालं. त्यांनी लिहिलं, भाषणं दिली, आणि आजार असलेल्या माणसांना वगळून त्यांच्याबद्दलचे निर्णय घेऊ नका, असं ठामपणे मांडलं. २०१४ मध्ये डिमेन्शिया अलायन्स इंटरनॅशनल ही संस्था उभी राहिली. तिचे सदस्य म्हणजे हा आजार असलेली माणसंच.

तुमच्या घरातल्या माणसाला पुस्तक लिहायचं नसेल. पण निदान झाल्यानंतरचा सुरुवातीचा काळ मोलाचा असतो आणि तो हातातून निसटतो. ‘नंतर बघू’ म्हणू नका. मला काय झालंय, मला कशाची भीती वाटते, मला कसं वागवलेलं आवडेल, माझ्याबद्दल काय सांगितलेलं चालेल, इतकं जरी त्यांच्याच तोंडून आलं तरी पुढची कित्येक वर्षं ते घराला पुरतं.

लिहिता येत नसेल, बोलताना शब्द अडत असतील तर?

मार्ग बदला. प्रत्येकाचं काय आधी जातं आणि काय टिकतं, ते वेगळं असतं. ब्रिटनमधल्या वेंडी मिचेल यांना २०१४ मध्ये, ५८ व्या वर्षी निदान झालं. त्यांना बोलण्यापेक्षा टाइप करणं सोपं जायचं. लेखक टेरी प्रॅचेट यांचं नेमकं उलट झालं. त्यांच्या आजाराने दिसण्याशी निगडित क्षमतेवर घाला घातला, टाइप करणं जमेनासं झालं, तेव्हा ते तोंडी सांगून लिहून घेऊ लागले. म्हणून आधी बघा, तुमच्या माणसाला काय सोपं जातंय. मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करणं बऱ्याच जणांना जमतं.

वेळ निवडा. बहुतेकांचं डोकं सकाळी जास्त ताजं असतं आणि दिवस कलला की अस्वस्थता वाढते. टीव्ही बंद ठेवा. एका वेळी एकच प्रश्न विचारा आणि उत्तरासाठी थांबा. वाटतं त्यापेक्षा बरंच जास्त थांबावं लागतं. मधेच त्यांचं वाक्य आपण पुरं केलं की ते गप्प होतात.

‘आठवतंय का?’ हा प्रश्न शक्यतो टाळा. तो परीक्षेसारखा असतो आणि आपण नापास होणार, हे त्यांना आधीच कळतं. त्याऐवजी हातात एखादी वस्तू द्या. माझी आई आयुष्यभर शिवणकाम करायची. तिच्याकडे कापडाचा तुकडा दिला की ती अंगठ्याने त्याची कड दुमडायची, नखाने घडी पक्की करायची, टाचणी धरल्यासारखी दोन बोटं जवळ आणायची. आणि मग बोलायला लागायची. कोणासाठी काय शिवलं, कोणाचं माप चुकलं, कोणी पैसे बुडवले. समोरासमोर बसून विचारलं असतं तर यातलं काहीच आलं नसतं. साधारण दहाव्या ते तिसाव्या वर्षांमधल्या आठवणी माणसाच्या मनात अधिक घट्ट असतात, असं मानसशास्त्राचं निरीक्षण आहे. तेव्हा सुरुवात तिथून करा, काल काय झालं तिथून नको.

त्या सांगतात ते खरं नसतं. दुरुस्त करायचं का?

सासूबाई म्हणाल्या, मी आगगाडीने एकटी फिरले. तुम्हाला ठाऊक आहे की मामा बरोबर होते. सोडून द्या. त्यांच्या गोष्टीत त्या एकट्या होत्या. तिथे त्यांना स्वतःच्या धाडसाचं कौतुक वाटतं आहे आणि ते खरंच आहे. लिहून ठेवायचं असेल तर त्यांचे शब्द तसेच ठेवा आणि कुटुंबाला वेगळं ठाऊक असेल तर खाली तुमच्या नावाने तशी टीप जोडा. दोन आवाज वेगळे राहिले की कोणी खोटं पडत नाही.

आठवण येतच नसेल तर आठवणीचा आग्रहच सोडावा. अमेरिकेत अ‍ॅन बास्टिंग यांनी १९९८ पासून टाइमस्लिप्स नावाची पद्धत वाढवली. त्यात एखादं गमतीदार चित्र समोर ठेवतात आणि ‘हे काय चाललं असेल?’ असं विचारतात. येईल ते उत्तर बरोबर. चार जणांच्या उत्तरांतून एक गोष्ट तयार होते. ज्या माणसाला दिवसभर ‘असं नाही, तसं’ ऐकावं लागतं, त्याला एकदा तरी चुकण्याची सोयच नसलेली जागा मिळते. घरी हे सहज करता येतं, कोणाच्या प्रशिक्षणाची वाट बघायला नको.

पैसे चोरल्याचा आळ, कोणी मारल्याची तक्रार मात्र याच माळेत टाकू नका. बरेचदा तो आजाराचा भाग असतो, पण दर वेळी असतोच असं नाही. आधी शहानिशा करा.

परवानगी कशी घ्यायची? घेतली तरी ते विसरणार ना?

विसरतील. म्हणून परवानगी एकदा घेऊन कपाटात ठेवायची गोष्ट नाही, ती पुनःपुन्हा विचारायची. निदान झालं म्हणजे माणसाचा निर्णयाचा अधिकार संपला, असं समजू नका. मालमत्तेचा गुंतागुंतीचा व्यवहार समजत नसलेल्या माणसाला ‘हा तुमचा फोटो बहिणीच्या मैत्रिणींना दाखवू का?’ हे नीट समजू शकतं. सकाळी समजतं आणि संध्याकाळी समजत नाही, असंही होतं.

छोटं आणि नेमकं विचारा. कोण वाचणार, काय असणार, नाव असणार की नाही. लिहिलेलं मोठ्याने वाचून दाखवा आणि चेहऱ्याकडे बघा. हसले, मान डोलावली, भर घातली, तर पुढे जा. कपाळावर आठी आली, हात झटकला, उठून गेले, तर तोच नकार समजायचा. शब्द गेलेला माणूसही नाही म्हणू शकतो आणि ते ओळखणं आपल्याकडे लागलं.

आजार फार पुढे गेला असेल आणि काहीच विचारता येत नसेल, तर ते आधी कसे होते ते आठवा. जो माणूस पगारसुद्धा भावाला सांगत नसे, त्याच्या लंगोटापर्यंतच्या गोष्टी आपण जाहीर करायच्या नाहीत. आणि ज्या बाई स्वतःच्या शस्त्रक्रियेची कहाणी रंगवून सांगायच्या, त्यांना आपली गोष्ट पुढे गेलेली आवडली असती, असं मानायला जागा आहे.

आजार आहे हेच ते मान्य करत नाहीत. मग?

हा नेहमीच हट्ट नसतो. मेंदूच्या ज्या भागाने स्वतःतला बदल ओळखायचा, त्यालाच इजा झालेली असते, त्यामुळे मला काही झालेलं नाही, असं त्यांना मनापासून वाटतं. वाद घालणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. अशा वेळी त्यांच्या तोंडी आजाराची कबुली घालू नका. ‘बाबांना आता समजलंय’ असं लिहायचं नाही, समजलेलं नसेल तर. ‘बाबा म्हणतात, मी ठणठणीत आहे. मला वेगळं दिसतं,’ असं लिहा. यात दोघांचंही म्हणणं राहतं.

मी काळजी घेते. मला राग येतो, कंटाळा येतो, कधी वाटतं हे संपावं. हे सांगू का?

सांगा. हा प्रश्न ज्या आवाजात विचारला जातो तो मी फार ओळखते.

तोच प्रश्न विसाव्यांदा ऐकल्यावर जीव मेटाकुटीला येतो. आंघोळीला नाही म्हणणाऱ्या, हात उगारणाऱ्या माणसासमोर उभं राहिल्यावर डोक्यात सणक जाते. रात्र रात्र झोप नसते. नातेवाईक तासाभरासाठी येतात आणि ‘किती छान आहेत की तब्येतीने’ असं म्हणून जातात. हे सगळं वाटणं प्रेमाच्या आड येत नाही, ते प्रेमाबरोबरच असतं. ज्यांनी केलंय त्यांना हे ठाऊक आहे. ‘जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे’ हे खरं असलं, तरी त्या वंशातल्यांनीही एकमेकांना सांगितलं नाही तर प्रत्येक जण स्वतःलाच दुष्ट समजत राहतो.

इथे एक पथ्य मी सगळ्यांना सांगते. वाक्य ‘मी’ ने सुरू करा. ‘आई छळते’ हे आईवरचं विधान झालं आणि ते चुकीचंही आहे, कारण ती मुद्दाम करत नाही. ‘मी आज दोनदा स्वयंपाकघरात जाऊन रडले’ ही तुमची गोष्ट आहे. तिच्यावर तुमचा पूर्ण हक्क आहे आणि ती सांगायला कोणाच्याही परवानगीची गरज नाही.

जिवंत माणूस समोर असताना त्याच्या जाण्याचं दुःख करणं याला अमेरिकेतल्या संशोधक पॉलीन बॉस यांनी १९७० च्या दशकापासून ‘संदिग्ध विरह’ असं नाव देऊन समजावलं. माणूस शरीराने आहे आणि ओळखीचा तो नाही, त्यामुळे शोकाला ना सुरुवात ना शेवट. तुम्हाला जे होतंय ते ऐकलेलं, अभ्यासलेलं आहे, इतकं कळलं तरी बऱ्याच जणांचा श्वास मोकळा होतो.

एक मात्र वेगळं काढते. हात उगारला गेला असेल, खोलीत कोंडून ठेवावंसं वाटत असेल, किंवा स्वतःचा जीव नकोसा झाला असेल, तर ती लिहिण्याची वेळ नाही. त्याच दिवशी घरातल्या दुसऱ्या माणसाला बोलवा आणि डॉक्टरांशी किंवा समुपदेशकाशी बोला.

किती खाजगी सांगायचं?

शौच, नग्नता, लैंगिक वागणं, शिवीगाळ हे या आजारात येतं आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही म्हणून घरं एकटी पडतात. बोलायलाच हवं. फक्त ते कुठे आणि कोणाच्या नावाने, हे बघायचं. काळजी घेणाऱ्यांच्या लहान गटात तोंडी सांगता येतं. लिहायचं असेल तर नाव, नातं, ओळख पटेल असा तपशील काढा आणि उपाय काय सापडला त्यावर भर द्या. रात्री संडासाचा दिवा चालू ठेवला, दार उघडं ठेवलं, तिथे ठळक चित्र लावलं, नाडीऐवजी इलॅस्टिकचे कपडे आणले, ठरावीक वेळाने स्वतःच घेऊन गेलो. हे वाचणाऱ्याच्या उपयोगाचं आहे. चादर कशी होती याचं वर्णन कोणाच्याच उपयोगाचं नाही.

माझी कसोटी अशी : आजारी पडण्याआधीच्या आईने हे वाचलं असतं तर ती माझ्याशी बोलली असती का?

फोटो आणि व्हिडिओ?

गोंधळलेल्या, रडणाऱ्या, चिडलेल्या माणसाचा व्हिडिओ काढून दाखवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. हेतू कितीही चांगला असो. वागण्यातला बदल समजावा म्हणून डॉक्टरांसाठी काढलात तर तो डॉक्टरांनाच दाखवा, आणि काम झालं की पुसून टाका. हातांचे फोटो मात्र मला फार आवडतात. काम करणारे, पान उलटणारे, कोणाचा तरी हात धरलेले. चेहरा न दाखवताही माणूस दिसतो. पत्ता, औषधांच्या चिठ्ठ्या, बँकेचे कागद मागे दिसत नाहीत ना, ते एकदा बघून घ्या, कारण या आजारातल्या माणसांना फसवणारे टपलेले असतात.

शब्द कोणते वापरावेत?

वेडा, भ्रमिष्ट, ‘आता लहान बाळच झालंय’, ‘नुसतं शरीर उरलंय’ हे टाळा. सत्तर वर्षं संसार केलेली बाई बाळ होत नाही, तिला मदत लागते इतकंच. त्यांना ‘अहो’ म्हणत असाल तर लिहितानाही ‘अहो’च राहू द्या. आजारी पडल्यावर माणूस एकदम ‘तो’ आणि ‘ती’ होतो, हे मला खटकतं.

भावाबहिणींना हे सांगणं पसंत नाही. काय करू?

आधी नेमकं काय नको आहे ते विचारा. बहुतेकदा आजार उघड होण्याची अडचण नसते. ‘सगळं मीच केलं, बाकी कोणी फिरकलं नाही’ हे छापलं जाईल, ही धास्ती असते. आणि खरं सांगायचं तर अनेक अनुभवांमध्ये तेच मुख्य कथानक होऊन बसतं. तो हिशेब खरा असेल, पण तो घरात बसून करायचा आहे. आईच्या आजाराच्या गोष्टीत भावाला आरोपी केलं की आई गोष्टीतून बाहेर पडते आणि उद्या दवाखान्यात न्यायला ज्याची गाडी लागणार तो फोन उचलत नाही.

त्यांनाही त्यांचा भाग सांगू द्या. दूर राहणाऱ्या मुलीला फोनवर आई ओळखत नाही, तेव्हा तिच्यावर काय गुजरतं ते जवळ राहणाऱ्याला ठाऊक नसतं. तरीही सहमती झाली नाही, तर फक्त तुमचा भाग लिहा आणि त्यांचे उल्लेख गाळा.

वेळच नाही. कधी लिहू?

पंधरा मिनिटं पुरतात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी १९८० च्या दशकात मनाला लागलेल्या घटनांबद्दल लिहिण्यावर प्रयोग केले, त्यातही लोकांना ओळीने चार दिवस पंधरा-पंधरा मिनिटंच लिहायला सांगितलं होतं. ते लिखाण गोपनीय राहणार होतं. शुद्धलेखन बघायचं नव्हतं. तुम्हीही पहिलं लिखाण कोणाला दाखवण्यासाठी करू नका. जे दाखवायचं ते नंतर त्यातून निवडता येतं. लिहून जास्तच अस्वस्थ वाटत असेल तर थांबा. ते सगळ्यांना मानवतंच असं नाही.

आम्हाला कोणत्या औषधाने गुण आला ते सांगावं का?

काय दिलं आणि काय दिसलं, इतकंच सांगा. ‘तुम्हीही घ्या’ म्हणू नका. डोनेपेझिलसारख्या जुन्या औषधांनी काहींची लक्षणं काही काळ आवरतात. लेकानेमॅब आणि डोनानेमॅब ही नवी औषधं अमेरिकेत अनुक्रमे २०२३ आणि २०२४ मध्ये पूर्ण मंजूर झाली. ती सुरुवातीच्या टप्प्यातल्या अल्झायमरसाठी आहेत, घसरण थोडी मंदावतात, आणि मेंदूत सूज किंवा रक्तस्राव होण्याचा धोका असल्यामुळे त्यांवर बारीक लक्ष ठेवावं लागतं. गेलेली स्मृती परत आणणारं औषध आज कोणाकडेही नाही. तसा दावा करणाऱ्याची जाहिरात तुमच्या अनुभवातून होऊ देऊ नका. हताश घरं पैसे घेऊन त्याच दारात जातात.

घरातल्या लहान मुलांना कसं सांगायचं?

सरळ आणि थोडक्यात. आजोबांच्या मेंदूला आजार झालाय, म्हणून ते तुझं नाव विसरतात. तू काही चुकीचं केलेलं नाहीस, आणि हा आजार त्यांच्याजवळ बसल्याने होत नाही. मुलांना या तीन गोष्टी हव्या असतात. मग त्यांना चित्र काढू द्या. मुलं आपल्याला न सुचलेलं बघतात.

दुसऱ्याचा अनुभव ऐकताना काय करावं?

गप्प बसावं. उपाय सुचवण्याची घाई करू नये. ‘माझ्या आजीलाही अगदी असंच’ म्हणून त्यांच्या वाक्यावर आपलं वाक्य चढवू नये. ‘तू किती मोठ्या मनाची’ हेही नको. त्या कौतुकानंतर ती बाई थकल्याचं सांगूच शकत नाही. ‘मग तू काय केलंस?’ इतकं विचारलं तरी पुढचा अर्धा तास मिळतो. आणि ऐकून झाल्यावर एक ठोस काम अंगावर घ्या. गुरुवारी दुपारी मी दोन तास त्यांच्याजवळ बसते, तू झोप.

माणूस गेल्यानंतर सांगितलं तर चालेल?

चालेल, आणि अनेकांना तेव्हाच जमतं. लगेच लिहायला बसलात तर शेवटचे महिनेच पानभर पसरतात. त्यांच्या आधीचंही आयुष्य होतं. जुन्या ओळखीच्यांना, सहकाऱ्यांना विचारून तेही गोळा करा. गेल्यावर मोकळं वाटलं असेल तर तेही लिहा. सुटका आणि दुःख एकाच दिवशी वाटतात, आणि हे ज्यांनी अनुभवलंय ते कोणापाशी बोलत नाहीत.

या लिखाणाचा डॉक्टरांना काही उपयोग होतो का?

खूप होतो. दहा मिनिटांच्या भेटीत आजारी माणूस बरेचदा नीटनेटका वागतो आणि घरचे जे सांगतात ते अतिशयोक्तीचं वाटतं. तारीख घालून लिहिलेल्या नोंदी असतील तर घसरण हळूहळू झाली की टप्प्याटप्प्याने, कोणत्या औषधानंतर सुस्ती आली, पडण्याचं प्रमाण वाढलं का, हे त्यांना एका नजरेत दिसतं.

नोंदींचा आणखी एक मोठा फायदा. डिमेन्शिया सहसा महिन्या-वर्षांच्या अंतराने बदलतो. एक-दोन दिवसांत माणूस एकदम फार गोंधळला, गुंगीत गेला किंवा भलतंच बडबडू लागला, तर त्यामागे लघवीचा किंवा छातीचा संसर्ग, शरीरातलं पाणी कमी होणं, बद्धकोष्ठ, नवं औषध असं काहीतरी असू शकतं आणि त्यावर इलाज असतो. ‘आजार वाढला’ म्हणून घरी बसू नका, तातडीने दाखवा. बोलणं अचानक अडखळलं, तोंड वाकडं झालं, हातपाय लुळा पडला, तर पक्षाघाताची शंका धरून लगेच रुग्णालयात न्या. वहीत कालची आणि परवाची ओळ असेल तर ‘हे नेहमीचंच आहे का?’ या डॉक्टरांच्या पहिल्या प्रश्नाला तुमच्याकडे उत्तर असतं.